खात्रीचा पाना

"पण बुवा, स्वस्तातला घेतला तर त्याच्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

साक्रीजवळच्या टेकडीवर एक लहानसा मठ आहे. तिथले नरहरीबुवा अंगणात मठाच्या जीपचं चाक बदलत होते. विचारणारे मुरलीधर शेवाळे धुळ्याहून आले होते. घरच्या गाडीची कामं ते घरीच करतात. त्यांना टॉर्क रेंच घ्यायचा होता. आकडा लावून नट आवळायचा, तेवढा ताण आला की टक् वाजतो, असा पाना.

"महागाचा कशाला?" बुवा म्हणाले. "तुझ्या चाकाला लागणारा आकडा त्याच्या आकड्यांच्या पट्टीच्या मधोमध येऊ दे. टोकाला महागाचाही डगमगतो. सोबत तपासणीचा कागद असला की झालं."

"कागद काय, कुणीही छापतो."

"मग तुला पाना नकोय रे. देव हवाय."

"करा चेष्टा. पण मला आता कुणाच्या हातावर विसंबायचं नाही."

"आजवर कुणाच्या हातावर विसंबलास?"

"धनूच्या. धाकट्या भावाच्या."

"मग?"

"मागच्या वर्षी त्यानं चाक बसवून दिलं. मी त्याच्यादेखत जास्त जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावला आणि सगळे नट पुन्हा ओढले. बोल्टच तुटला... तो हात पुसून निघून गेला."

"माफी मागितलीस?"

"त्याच संध्याकाळी. म्हणाला, 'जाऊ दे रे दादा, एका बोल्टचं काय एवढं.'"

"मग मिटलं की."

"मिटलं असतं..."



बुवांनी आपल्या पान्याला आकडा लावला आणि तो मुरलीधरांच्या हातात दिला. "एवढे नट आवळ. माझे गुडघे दुखतात."

मुरलीधर उकिडवे बसले. पहिला नट. टक्. त्यांनी पुन्हा ओढलं. टक्.

दुसरा नट. टक्... टक्.

"दुसऱ्यांदा कशाला?"

"खात्री करून घेतली."

"पहिल्यांदा वाजला नव्हता?"

"वाजला होता."

"ऐकलास?"

"ऐकला ना."

मुरलीधरांचा हात पान्यावर तसाच राहिला.

"दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "विचारलं, खरंच राग नाही ना? नाही म्हणाला. दिवाळीत पुन्हा विचारलं. मग बायकोला विचारायला लावलं. मग त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर..."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. ताटावरून उठला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही."

मुरलीधर पान्याची मूठ चोळत राहिले.

"पुतणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. मी सख्खा काका... आणि मला पत्रिका कुरिअरनं आली, बुवा."

अंगणात वारा सुटला. जीपखालचं फडकं उडालं. कुणी उचललं नाही.

"एकदाच जाऊन विचारू का त्याला? शेवटचं?"

बुवांनी त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. त्याची मूठ उलटी फिरवत फिरवत आकडा अगदी खालच्या खुणेवर आणला. मग पाना डब्यात ठेवून झाकण लावलं.

"ताणलेला राहिला की बिघडतो. हा ठेवताना सैल करून ठेवायचा असतो."