म्हातारीच्या कुंपणावरची लाल फळं

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राणीला शरदातली बाग फार आवडे. पावसाळी फुलं ओसरली, की तिच्या बागेतली झुडपं मण्यांएवढ्या लाल फळांनी लगडत. दसऱ्याला राणी स्वतः येऊन माळ्याच्या खांद्यावर शेला घाली.

माळी कसबी होता, पण नीटनेटकेपणाचा त्याला भारी सोस. त्या वर्षी त्यानं पावसाळाभर कात्री चालवून झुडपं लाडवासारखी गोल केली. छाटलेल्या शेंड्यांबरोबर कळ्याही गेल्या. मग फळं कुठून येणार? दसरा तोंडावर आला तरी बाग आपली हिरवीच. माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बागेला लागून एका म्हातारीची झोपडी होती. माळ्यानंच कधीतरी फेकून दिलेल्या काड्या तिनं कुंपणाला खोचल्या होत्या. कात्री तिच्याकडे नव्हतीच. झुडपं मनाला येईल तशी वाढली होती आणि आता नुसती लालेलाल झाली होती.

माळी तिच्या दारात गेला.

"आजी, झुडपांना कीड लागलीय. आजच छाटली नाहीत, तर राणीसाहेबांच्या बागेत पसरेल."

म्हातारीचे डोळे भरून आले. "मला दिसलीच नाही रे कीड. पण तू जाणता आहेस. छाट बाबा."

माळ्यानं फांद्या हातगाडीत भरून नेल्या आणि आपल्या झुडपांत, पानांआड, सुतळीनं बांधून टाकल्या.

दसऱ्याला राणी आली आणि बघतच राहिली. शेला माळ्याच्या खांद्यावर आला. बघ्यांत म्हातारीही होती. राणी म्हणाली, "या आजींना एक फांदी द्या. घराला तेवढीच शोभा."

माळी नाइलाजानं झुडपापाशी गेला. फांदी तोडावी लागलीच नाही, सुतळी सोडताच ती हातात आली.

म्हातारीनं फांदी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कीड नव्हतीच ना रे? बरं झालं बाई. मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं. रोज त्या खोडांची माफी मागत होते मी."

ती चिडली असती, तर माळ्यानं ते सोसलं असतं. हे मात्र सोसवेना. लाजेनं त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यानं शेला उतरवून राणीच्या पायाशी ठेवला आणि सगळ्यांदेखत खरं ते सांगितलं.

राणीनं शेला म्हातारीच्या खांद्यावर घातला. माळ्याला एवढंच म्हणाली, "यापुढे आधी त्यांच्या कुंपणाला पाणी घालायचं, मग माझ्या बागेला."

पुढं कुंपण पुन्हा लाल झालं. येणारेजाणारे म्हणत, "वा, माळीबुवा, काय हात आहे तुमचा!" तेव्हा माळी आपले हात पाठीमागे लपवी आणि खाली मान घालून म्हणे, "झुडपं आजींची आहेत."

दुसऱ्याची शोभा ओरबाडून आपली बाग सजवता येते, पण त्या बागेत मान वर करून उभं राहता येत नाही.