डिकीतलं पाचवं चाक

गाड्या बोलायच्या आणि माणसांना फक्त हॉर्न ऐकू यायचा, त्या काळातली ही गोष्ट. दमयंतीबाई घोरपड्यांची काळी सेडान आणि त्यांच्या धाकट्या भावाची जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार पाचगणीच्या प्रदर्शनाला निघाल्या होत्या. वाटेत दोघींची जुंपली.

"माझ्यात पाच माणसं ऐसपैस बसतात, तरी मी वाऱ्यासारखी पळते," सेडान म्हणाली.

"पळ की! पण तुझ्याकडे वळून कोण बघतं? माझ्यासारख्या आता शोधूनही सापडत नाहीत," लाल गाडी म्हणाली.

ऐन घाटात सेडानच्या चाकात खिळा घुसला. लाल गाडीला हसू फुटणार होतं, पण तिच्यात तर स्टेपनीला जागाच नव्हती. ती गुपचूप मागे थांबली.

दमयंतीबाईंनी डिकी उघडली. स्टेपनीवर झेंडूचं वाळलेलं फूल होतं. दर दसऱ्याला चार चाकांची पूजा झाली की बाई या पाचव्यालाही फूल वाहायच्या आणि हवा भरून घ्यायच्या. भाऊ चेष्टा करायचा. आज तोच जॅक लावताना म्हणाला, "ताई, तुझ्यामुळे वाचलो गं!"

चाक बदलून गाडी निघाली. सेडान हळूच म्हणाली, "इतकी वर्षं तुला ओझं समजले. तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले उपकार?" स्टेपनी म्हणाली. "जन्मभर अंधारात रस्त्याचा नुसता आवाज ऐकला. आज रस्ता पाहिला. मी तर त्या खिळ्याचे उपकार मानतेय."