दगडी कुंडावरचा सिंह

फार पूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं, म्हणजे बाळाच्या डोक्यावर तीन ओंजळी पवित्र पाणी घालण्याच्या विधीचं, दगडी कुंड होतं. त्यावर सिंह कोरला होता. पण पाथरवटाने सिंह कधी पाहिलाच नव्हता.

नवं संगमरवरी कुंड आलं आणि हसलं, "आजोबा, ही मेंढी कुणाची? उद्यापासून तुमच्यात फुलं लावणार म्हणे!"

"सिंह आहे तो," जुनं कुंड पुटपुटलं.

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याला आणलेल्या एका बाळाच्या डोक्यावर नव्या कुंडातली पहिली ओंजळ पडली, तेव्हा ते चक्क हसलं. बाळाच्या विनिफ्रेड आजीने पाद्रीबाबांचा हात धरला. "बाळ रडल्याशिवाय सैतान निघत नाही! उरलेल्या ओंजळी जुन्या कुंडातल्या घाला."

जुन्या कुंडावरचं सिंहाचं ते तोंड पाहताच बाळाने टाहो फोडला. आजी खूश झाली.

जुनं कुंड म्हणालं, "मेंढी पाहून कुणी असं रडतं का? फुलं आता तूच सांभाळ."