उमरदरीचा पिवळा सदरा

उन्हाचं आलात, जरा निंबाखाली टेका. शाळा सुटायला अजून वेळ आहे. हेडमास्तरांच्या सदऱ्यावर पिवळा पंजा कसला, असं विचारत होतात ना? विचारणारच. उमरदरीत आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि सांगून सांगून आता गावाचं तोंड दुखायला लागलंय. तरी सांगायचं. न सांगून चालत नाही.

शिवरात्र झाली, शिवारात हळद शिजायला लागली, की पुढच्या सोमवारी हायस्कूलचे हेडमास्तर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून प्रार्थनेला उभे राहतात. रांगेतून एक मुलगी पुढे येते. ओल्या हळदीत बुडवलेला हात सरांच्या छातीवर ठेवते आणि जागेवर जाते. कुणी हसत नाही. त्या दिवसापासून गावची हळद घरात येईपर्यंत कपड्याकडे बघून कुठल्याही लेकराला माघारी धाडायचं नाही. एरवी सगळे नियम आहेत बरं का. नखं, केस, गणवेश, मास्तरांशी उभं राहून बोलणं. शिस्तीला गाव कधी नको म्हणालं नाही.

ही चाल पडली इंगोले सरांपासून, असं सांगतात.

तेव्हा हायस्कूल नवं होतं. गावानं हातापाया पडून आणलेलं. हेडमास्तरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात नियम रंगवून घेतले: मुलांना पांढरा सदरा, खाकी चड्डी, मुलींना पांढरा झंपर, निळा परकर, डागाळलेला, चुरगळलेला गणवेश चालणार नाही. आणि फाटकावर उभं राहून ते बघायचं काम आलं धोंडीराम इंगोले सरांकडे.

माणूस वाईट नव्हता. उलट फार भला. लहानपणी तालुक्याच्या शाळेत ठिगळाची चड्डी घालून गेला म्हणून वर्गानं त्याला वर्षभर ठिगळ्या म्हटलं होतं म्हणे. सगळ्यांचे कपडे सारखे आणि स्वच्छ असले की कोण पाटलाचा, कोण गड्याचा हे कळणार नाही, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून ते फाटक सोडत नसत. पण चांगल्या गोष्टीचंही ओझं होतंच की. रोज सकाळी तीच रांग, तीच नखं, तीच रडवेली तोंडं. दोन पावसाळे गेले आणि सर थकले. पोरांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसते सदरे दिसायला लागले.

त्यात हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे घरादाराची कंबर मोडते. काढायची, मोठ्या कढईत शिजवायची, वाळवायची, गोणपाटावर घासायची. अख्खं गाव पिवळं होतं. लेकरं पहाटे कढईवर राबून शाळेत यायची. पांढरा कपडा पांढरा राहणार कसा?

निवृत्ती हा दुसऱ्याच्या कढईवर राबणारा गडी. त्याची पोरगी गया आठवीत होती. अभ्यासात हुशार, आणि गणवेश एकच. पहिल्या दिवशी झंपरावर पिवळा डाग बघून सर म्हणाले, "धुवून ये."

गया ओढ्यावर गेली. साबण लावून मनगटं दुखेपर्यंत झंपर घासला, पिळून तसाच ओला अंगात घातला आणि धावत आली. आता हळदीला साबण लागला की काय होतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. पिवळा डाग लालभडक होतो. त्याला दिवसभर ऊन दाखवावं लागतं, तेव्हा तो उडतो. पण सर पडले ज्वारीच्या मुलखातले, आणि घरी कपडे धुणार बायको. त्यांना हे कोण सांगणार? त्यांनी तो लाल डाग बघितला आणि त्यांचं डोकं फिरलं. पोरगी थट्टा करतेय असं वाटलं.

"धुवून ये म्हटलं तर रंगवून आलीस?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तिसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, माघारी नका धाडू. घरी बसलेली दिसले की बाबा सोयरीक उरकून टाकतेत. पाहुणे येऊन गेलेत."

सरांनी हे ऐकलं. गावात काही जण म्हणतात, गलक्यात ऐकू गेलं नसेल. तसं नाही. सरांनी स्वतःच पुढे सांगितलं की शब्दन् शब्द ऐकला. पण मागे रांग होती, डोकं ठणकत होतं, एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागणार होतं. ते म्हणाले, "उद्या नीट होऊन ये. मग बघू."

गया दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. हजेरीला तिच्या नावावर कुणीच हूं म्हणेना, तेव्हा सरांनी सायकल काढली.

निवृत्तीच्या दारात मांडव होता. गया पाटावर बसलेली, आणि बाया तिला हळद लावत होत्या. सर तिथंच बोलायला लागले. पोरीचं वय नाही, तिला शिकू दे, फी नको, पुस्तकं मी देतो. निवृत्तीनं सगळं ऐकून घेतलं. तो काही राक्षस नव्हता.

"सर, पोरीला म्या नाही काढली शाळेतून," तो म्हणाला. "तुमीच धाडली. एकदा नाही, रोज. शाळेनं टाकलेली पोर किती दिस घरात ठेवू?"

सर पाटापाशी गेले आणि सगळ्यांसमोर त्या पोरीच्या पाया पडायला वाकले. मास्तरानं विद्यार्थिनीच्या पाया पडायचं म्हणजे पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सर, नका," म्हणत तिनं दोन्ही हात पुढे करून त्यांना धरलं. त्यातला एक हात त्यांच्या छातीवर उमटला.

लग्न व्हायचं ते झालंच. पोरगी नांदायला गेली.

दुसऱ्या दिवशी सर तोच सदरा घालून फाटकावर उभे राहिले. हेडमास्तर म्हणाले, "इंगोले, हे काय? घरी जाऊन बदलून या."

"जातो," सर म्हणाले. "पण मला माघारी धाडलंत तर मीही परत येणार नाही. गया आली नाही, तसाच."

हेडमास्तरांनी त्या पंजाकडे बघितलं. मग आत निघून गेले. मागून सगळी पिवळी लेकरं आत गेली. सरांनी हंगामभर तोच सदरा घातला आणि म्हणे, ते मरेपर्यंत तो डाग उडाला नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी तो सदरा कधी उन्हात टाकलाच नसणार, दुसरं काय.

गया देवी झाली, तिच्या नावानं हळद सोन्यासारखी पिकते, असंही सांगणारे आहेत. देवी नाही झाली. सासरी राबली, सगळ्या राबतात तशी. शाळेत मात्र परत आली नाही.

आजही तो हात वाटेल ती पोरगी ठेवत नाही. जिच्या घरी सोयरिकीचे पाहुणे येऊन गेलेत, तीच पोरगी पुढे येते. तिला कुणाला काही सांगावं लागत नाही. त्या संध्याकाळी हेडमास्तर तोच सदरा घालून तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसतात. चहा येतो, पण पोरीला शिकवीन असा शब्द मिळेपर्यंत ते पीत नाहीत. कायदा आहे, ठाऊक आहे सगळ्यांना. पण कायदा ओट्यावर येऊन बसत नाही. काही बाप शब्द देतात. काही चहा थंड होऊ देतात.

यंदा प्रार्थनेला एक पोरगी पुढे आली, हात ठेवून जागेवर गेली. हेडमास्तर सर वळणार, तेवढ्यात रांगेतून दुसरी निघाली. असं कधी झालं नव्हतं. ती मधेच थांबली, सरांच्या सदऱ्यावरच्या पहिल्या पंजाकडे बघत राहिली.

सर म्हणाले, "ये बाळ, जागा आहे."