मानाचा कांदा

"परवाच्या पंगतीपर्यंत माझ्या आईला राजमाता कर," चिंचणगडचा राजा तानीला म्हणाला. "नाही जमलं तर तू आणि ती, दोघी गडाखाली. मेंढवाड्यात."

तानी राजवाड्यात पाणी भरायची; राजाच्या आईचं तेवढं तिच्याशीच पटायचं. तिने कडेवरची घागर खाली ठेवली. "सरकार, तुम्ही राजे, त्या तुमच्या आई. म्हणजे राजमाता झाल्याच की."

"झाली. पण दिसत नाही."

ते मात्र खरं होतं. राजा रायाजी मूळचा मेंढपाळाचा पोर. लढाईत नशीब उघडलं, गड मिळाला, पागोट्यात तुरा आला. मग त्याने चालणं बदललं, खोकणं बदललं. आजोबासुद्धा बदलले, भाटाला एक दुभती गाय देऊन चांगले सूर्यवंशी आजोबा करून घेतले. आई तेवढी बदलेना.

आणि परवा सावरगडचे राजे दौलतसिंगराव आपल्या लेकीसाठी रायाजीचा मुलगा बघायला येणार होते. सोबत त्यांच्या आईसाहेब. या आईसाहेबांनी मागचं एक स्थळ मोडलं होतं ते मुलाच्या आईने दुधावर फुंकर घातली म्हणून. बाईचं नाक लांब, त्यात सगळ्यांची घराणी मावायची.

रायाजीची आई ठकूबाई. शालू नेस म्हटलं तर नेसायची, गादीवर बस म्हटलं तर बसायची. पण ताट पुढ्यात आलं की कांदा जमिनीवर ठेवायची आणि वर बुक्की. कारभाऱ्याने कांदा चिरून दिला तर म्हणाली, "चिरलेला कांदा आजाऱ्याला." तीन बोटांनी जेवा म्हणून शिकवलं तर म्हणाली, "तीन बोटांनी तपकीर ओढतात बाबा."

तानी तिच्याकडे गेली. "आजी, एक दिवस कांदा सोडता का?"

"तूही त्याचीच झालीस का गं?"

"नाही सोडला तर मेंढवाडा आहे."

"जाते की. मेंढरं नावं ठेवत नाहीत." ठकूबाईने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, "लग्नात नातवावर अक्षता टाकायला वर येऊ देतील का, तेवढं विचार. लांब उभी राहीन."

तानी तडक राजाकडे गेली. "करते राजमाता. पण पंगतीत मी सांगेन तसं सगळ्यांनी वागायचं. तुम्हीसुद्धा."

"दिला शब्द," राजा म्हणाला. दुसरं करणार काय?

मग गडावरचे सरदार मागच्या अंगणात जाऊन काय बडवत होते, ते कुणी सांगेना. सेनापती हाताला हळद लावून फिरत होता.

पाहुणे आले. पंगत बसली, एकीकडे पुरुष, समोर बायका. मटणाचा रस्सा वाढला, भाकरी वाढल्या. आईसाहेबांची नजर ठकूबाईच्या बोटांवर. इतक्यात शिंग वाजलं. भालदाराने ललकारी दिली, "निगा रखो! मानाचा कांदा येतो आहे!"

चांदीच्या तबकात, जरीच्या रुमालावर कांदे आले. ज्याच्या त्याच्या पाटाशी एकेक ठेवला. चिंचणगडची माणसं माना खाली घालून बसून राहिली. ठकूबाईने कांदा जमिनीवर ठेवला, बुक्की मारली. कांदा फुटला. लगेच राजाने फोडला, मग सेनापतीने, मग सगळ्या सरदारांनी. कुणी हसलं नाही. देवळात बसावं तसे बसले होते.

दौलतसिंगरावांनी इकडेतिकडे बघितलं. आपल्यालाच रीत ठाऊक नाही असं दिसायला नको, म्हणून त्यांनीही बुक्की मारली. कांदा सटकला तो कारभाऱ्याच्या मांडीखाली. त्यांचे सरदार नुसतेच हात चोळत बसले.

आईसाहेबांनी नाक मुरडलं. "हा कुठल्या घराण्यातला रिवाज म्हणायचा?"

तानी तांब्या घेऊन मागेच उभी होती. "आमच्या गडाचा आहे, आईसाहेब. पण घराण्या-घराण्यात फरक असायचाच. आपल्याकडे एवढं नसेल तर आपल्याला चिरून आणते."

"आमच्याकडे नसेल? आमच्याकडे?"

आईसाहेबांनी पदर खोचला. बांगड्या मागे सारल्या. कांदा पाटाच्या कडेला टेकवला आणि तळहाताच्या बुडाने एकच ठोका दिला. कांद्याच्या पाकळ्या झाल्या. मधला कोंब अंगठ्याने उडवला, चिमूटभर मीठ टाकलं, भाकरीबरोबर घास तोंडात गेलासुद्धा.

मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी पंगत आपल्याकडे बघते आहे.

ठकूबाई तेवढी खूश झाली. "हात चांगला बसलाय हो. माहेर कुठलं?"

"राजघराणं," आईसाहेब घास तोंडात ठेवूनच म्हणाल्या.

"ते असू दे. कोंब उडवायला कुणी शिकवलं?"

आईसाहेबांनी दुसरा घास उचलला. दौलतसिंगरावांनी आईकडे बघितलं, फुटलेल्या कांद्याकडे बघितलं, मग मान वळवून तानीला विचारलं, "पोरी, खरं सांग. हा रिवाज किती जुना?"

तानीने खोटं बोलावं तर समोर राजा, खरं बोलावं तर मेंढवाडा.

"महाराज," तानी म्हणाली, "आमच्या गडावर कालचा आहे. आईसाहेबांच्या हाताला मात्र बराच जुना दिसतो."

दौलतसिंगराव जे हसले, ते मांडीवरचा रुमाल तोंडात कोंबला तरी थांबेनात. "जन्मभर मला हिने तीन बोटांनी जेवायला लावलं," एवढंच त्यांना बोलता आलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तानीला दिलं आणि रायाजीला म्हणाले, "व्याही, मुहूर्त काढा. पहिल्या अक्षता तुमच्या मातोश्रींच्या."

रायाजीने आईकडे बघितलं. ती जेवत होती. त्याने तानीच्या हातातला तांब्या स्वतः घेतला आणि बायकांच्या पंगतीत तिचा पाट मांडायला सांगितला.

पाट मांडायला जागा नव्हती. आईसाहेब शालू आवरून जरा सरकल्या.

"बस," त्या तानीला म्हणाल्या. "आणि त्या तबकवाल्याला हाक मार. माझा कांदा लहान होता."