मोटारीचा हत्ती आणि मी

एका गावात एक भोळा मास्तर होता. शोधायला लांब जाऊ नका, तो मीच.

आमच्या शाळेत खेळण्यांचा एक संच आला. पट्ट्या, चाकं, दातेरी चकत्या आणि छोटी मोटार. जोडाजोड करून पोरांनी हालचाल कशी होते ते शिकायचं. पुढे साहेब तपासायला येणार होते. काहीतरी चालवून दाखवलं तर संच आमचा, नाहीतर वरच्या वाडीचा. पोरांचा त्यावर एवढा जीव, की मधल्या सुट्टीत डबेसुद्धा उघडायची नाहीत.

आधी त्यांनी गाडी केली. मुख्याध्यापिका रणपिसे बाई म्हणाल्या, नवी गाडी आहे, रीतसर पूजा करा. मी ट्रॅक्टरला ठेवतात तशी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चाकांपेक्षा मोठी. गाडी उलटली.

"गुरुजी, चालणाऱ्याच्या वाटेत काही ठेवू नये," बाई म्हणाल्या.

पटलं. मग पोरांनी चेंडू उचलणारा हात केला. मी आधी चेंडू बाजूला घेतला. हाताने माझी मिशी धरली.

"अहो, हात पुढे आला की त्यात काहीतरी द्यावं."

तेही पटलं. पटवून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

साहेब आले त्या दिवशी पोरांचा चालता हत्ती तयार होता. साहेबांनी हात मिळवायला पुढे केला. मी त्यात चेंडू दिला. साहेबांनी चेंडू बाजूला ठेवला. ते खुर्चीकडे चालू लागले. चालणाऱ्याच्या वाटेत खुर्ची! ते बसायला वळले तेवढ्यात मी ती ओढून घेतली. मागेच हत्ती मांडला होता. साहेब हत्तीवर बसले.

हत्तीचा एक पाय मोडला, बाकीचा सुटा झाला. साहेबांची कंबर धरली. ऑफिसातल्या बाकावर पडूनच ते म्हणाले, संध्याकाळी जाताना संच नेतो. पोरांची तोंडं बघवेनात. मला माझीच लाज वाटली.

बाई साहेबांना शेकायला वीट तापवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरुजी, आता कशालाही हात लावू नका."

नाही लावला. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पोरं मुकाट्याने पट्ट्या गोळा करून पुन्हा जोडायला बसली. उन्हं कलली तरी एक पोर जागचं हललं नाही. शेवटी तीन पायांचा हत्ती लंगडत ऑफिसात शिरला आणि साहेबांच्या बाकापाशी थांबला. साहेब कंबर धरून हसले, आणि संच ठेवून गेले.

गाव अजून कौतुक करतं. काय जिद्दीची पोरं, शाळा सुटली तरी घरी गेली नाहीत!

शाळा सुटली कुठे होती? घंटा देणारा मी, आणि माझे हात पाठीमागे.