गरम भाकरीचं मागणं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आज कुणालाच सांगता येणार नाही.

त्या राज्यात एका डोंगरावर सभागृह होतं. त्याचा तांब्याचा कळस लांबलांबच्या खोऱ्यांतून दिसे. दर बारा वर्षांनी प्रत्येक खोरं आपला एक माणूस त्या सभेत पाठवी. निवडायची रीत अशी, की ज्याला जायचं असेल त्यानं घरोघर जाऊन प्रत्येकाचं एक मागणं ऐकून यायचं. मग ठरल्या दिवशी उंबराखाली उभं राहून ज्याचं मागणं त्याला ऐकवायचं. ज्याच्या तोंडून आपलं मागणं आपल्याला ओळखू येईल, त्याच्या टोपलीत घरानं एक खडा टाकायचा.

अशाच एका खोऱ्यात एक गुरुजी राहत. फार शिकलेले. पोथ्यांनी घर भरलेलं, आणि मन शंकांनी. त्यांच्या पडवीतून संध्याकाळी तो कळस दिसे. उन्हं कलली की तो पेटल्यासारखा चमके आणि शिकवता शिकवता गुरुजी मधेच थांबत. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत, "बघ, गेले गुरुजी सभेत!"

तरुणपणापासून त्यांना ती एकच ओढ होती. पण सेहेचाळिसाव्या वर्षी वाटलं, आपला अभ्यास अजून कमी पडतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी वाटलं, ऐन वेळी जीभ अडखळली तर? ते उंबरापर्यंत जाऊन परत आले. आता सत्तरी गाठली होती. पुढच्या बारा वर्षांचा भरवसा कुणी द्यावा? या खेपेला त्यांनी मनाचा हिय्या केला आणि काठी घेऊन निघाले.

सभेत जाण्यासाठी त्यांच्याविरुद्ध एकच बाई उभी होती. घरोघर बांगड्या भरणारी कासारीण. तीही पहिल्यांदाच.

"तुमच्यापुढे माझा कसला निभाव लागतोय, गुरुजी!" ती हसत म्हणाली. "पण बायका ऐकत नाहीत. म्हणतात, आमचा हात हातात घेऊन आमचं ऐकणारी तूच."

नदीकाठच्या शेवटच्या झोपडीत एक म्हातारी एकटी राहत होती. गुरुजींनी विचारलं, "काय मागणं आहे तुमचं, आजी?"

"आजी कुणाला म्हणता? तुमच्या-माझ्यात दोन पावसाळ्यांचं अंतर असेल!" ती म्हणाली. मग तिनं पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "लेक दिलीय तिथं. तो धूर दिसतोय ना, तो तिच्या चुलीचा. पण धारेला होडी टिकत नाही, आणि डोंगराला वळसा घालायचा तर अख्खा दिवस जातो. कुणी येणारं असलं की ती भाकरी धाडते. गार होऊन येते. मला लेकीच्या हातची भाकरी गरम खायचीय. एवढंच."

गुरुजींनी ते लिहून घेतलं. घरी येऊन पुन्हा वाचलं. भाकरी? सभेत केवढे विद्वान बसतात! त्यांच्यापुढे भाकरीचं सांगितलं तर ते हसतील. म्हातारीला नाही, मला हसतील. त्यांनी ते वाक्य खोडलं. नवं लिहिलं, तेही खोडलं, पुन्हा लिहिलं. मग एकेक करून सगळ्या घरांची मागणी त्यांनी अशीच घासूनपुसून चकचकीत केली.

तो दिवस आला. उंबराखाली सारं खोरं जमलं. म्हातारीची पाळी येताच गुरुजींनी कागद धरला आणि वाचलं, "नदीच्या दुस्तर प्रवाहामुळे उभय तीरांवरील आप्तजनांच्या स्नेहसंबंधांत व्यत्यय येत असून, त्यावर सत्वर उपाययोजना व्हावी."

म्हातारीनं मागे वळून पाहिलं. "हे कुणाचं?"

"तुमचंच आहे," गुरुजी म्हणाले.

"माझं? एवढं मी कधी बोलले?"

लोक हसले. गुरुजींना काहीतरी सांगायचं होतं, पण ज्याची त्यांना आयुष्यभर धास्ती होती तेच झालं. जीभ अडखळली.

मग कासारीण पुढे झाली. "हिला लेकीच्या हातची भाकरी गरम खायचीय."

"हां, हे माझं!" म्हातारी म्हणाली, आणि खडा कासारणीच्या टोपलीत पडला.

गुरुजींच्या टोपलीत अकरा खडे निघाले. सगळे जुन्या विद्यार्थ्यांचे. त्यांतला एक शेजाऱ्याला सांगत होता, "मला तर काही कळलं नाही बुवा. पण पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं, म्हणून टाकला." ते गुरुजींनी ऐकलं.

माणसं पांगली. गुरुजी उंबराच्या मुळीवर बसून राहिले. समोर कळस चमकत होता. म्हातारी काठी टेकत जवळ आली.

"रागावलात?"

"नाही. चूक माझीच झाली."

"मग असे का बसलात?"

"मनुष्याच्या ठायी ज्या आकांक्षा..." गुरुजींनी सुरुवात केली आणि ते थांबले. मग हळूच म्हणाले, "मला तिथं जायचं होतं. फार जायचं होतं."

म्हातारीनं कळसाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हे कळलं मला," ती म्हणाली. "सकाळी असं बोलला असतात, तर खडा तुमचाच होता."

कासारीण सभेत गेली आणि तिनं भाकरीचं मागणं जसंच्या तसं सांगितलं. कुणीही हसलं नाही. एका वृद्ध पंडितानं तर उपरणं डोळ्यांना लावलं म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात नदीवर लाकडी साकव उभा राहिला.

एका संध्याकाळी सभेची घंटा वाऱ्यावर ऐकू आली आणि पडवीत शिकवता शिकवता गुरुजी थांबले. तेवढ्यात म्हातारी धापा टाकत आली आणि तिनं फडक्यात गुंडाळलेलं काही त्यांच्या हातावर ठेवलं.

"पलीकडून आणलीय. खा लवकर!"

कळसाकडे पाहत गुरुजींनी पहिला घास घेतला. ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. भाकरी मात्र गरम होती.

लहानथोर हो, ध्यानात ठेवण्याजोगं एवढंच: लोकांनी आपलं मागणं ज्याच्या हाती दिलं, त्यानं ते जसं आहे तसं पोचवावं, स्वतःच्या भीतीनं सजवू नये.